धंदा, उद्योग आणि आमदारकी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठेकेदार, अडते, बिल्डर, हॉटेलवाले, साखर कारखान्यांचे संचालक आणि त्यांना मत देणारे मतदार, सगळे आम्हाला थोड्याफार फरकाने तेच प्रश्न विचारतात. पहिल्या गटाला आमदारकीसाठी धंद्यातलं काय काय सोडावं लागेल हे जाणून घ्यायचं असतं. मतदारांना विचारायचं असतं की हा माणूस विधानसभेत आमचं काम करेल की स्वतःच्या दुकानाचं. दोन्ही बाजू महत्त्वाच्या आहेत, म्हणून उत्तरं दोघांनाही उपयोगी पडतील अशी लिहिली आहेत. कायदे देशभर एकच आहेत. महाराष्ट्र आणि गोव्यापुरतं काही वेगळं असेल तिथे तसं सांगितलं आहे. प्रत्यक्ष अर्ज भरण्याआधी मात्र आपली कागदपत्रं घेऊन वकिलाकडे जरूर जा.

१. व्यापारी किंवा उद्योजकाला आमदार होण्यासाठी काही वेगळी अट आहे का?

नाही. भारताचं नागरिकत्व, राज्यातल्या कोणत्याही विधानसभा मतदारसंघाच्या यादीत नाव, आणि वय विधानसभेसाठी २५, विधान परिषदेसाठी ३०. अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना त्याच्या निम्मी. शिक्षण, उत्पन्न, मालमत्ता यांची अट नाही. अडचणी येतात त्या अपात्रतेच्या कलमांमुळे, आणि धंदेवाल्यांच्या बाबतीत त्यातलं सर्वांत धारदार कलम म्हणजे सरकारी कंत्राटाचं (प्रश्न ४).

२. निवडून आल्यावर दुकान, कंपनी किंवा कारखाना बंद करावा लागतो का?

लागत नाही. हे उत्तर ऐकून अनेकांना धक्का बसतो, पण साध्या आमदाराला खासगी धंदा करायला आपल्या कायद्यात मनाई नाही. मुंबईतली दोन उदाहरणं सर्वांना माहीत आहेत. मंगलप्रभात लोढा यांनी १९८० मध्ये बांधकाम व्यवसाय सुरू केला आणि १९९५ पासून ते मलबार हिलमधून सलग सात वेळा निवडून आले. घाटकोपर पूर्वचे पराग शहा हेही बांधकाम व्यवसायातले. आधी नगरसेवक, मग आमदार असा त्यांचा प्रवास आहे आणि २०२४ च्या प्रतिज्ञापत्रात त्यांनी जाहीर केलेली कुटुंबाची मालमत्ता ३,३०० कोटी रुपयांच्या वर होती. वकील आमदार कोर्टात उभे राहू शकतात, डॉक्टर आमदार दवाखाना चालवू शकतात. मंत्री झाल्यावर गोष्ट बदलते (प्रश्न १४).

३. पैसेवाली धंदेवाईक माणसं राजकारणात येणं ही हल्लीची गोष्ट आहे ना?

असं अनेकांना वाटतं, पण तसं नाही. इंग्रजांच्या काळात १९१९ च्या सुधारणा कायद्याखालच्या मुंबई विधिमंडळात व्यापार-उद्योगाला राखीव जागाच होत्या. गिरणीमालकांची संघटना आणि व्यापाऱ्यांचे चेंबर आपापले प्रतिनिधी निवडून पाठवत. स्वातंत्र्यानंतर या जागा गेल्या आणि व्यापाऱ्यालाही इतरांसारखंच मतदारासमोर हात जोडून उभं राहावं लागलं. हा बदल फार मोठा होता असं मला वाटतं.

गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर खाणमालक होते. २० डिसेंबर १९६३ ला ते मुख्यमंत्री झाले. जनमत कौलाच्या (गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का यावरच्या मतदानाच्या) वेळचे काही महिने सोडले तर १२ ऑगस्ट १९७३ ला निधन होईपर्यंत ते त्या पदावर होते. खाणमालक मुख्यमंत्र्याच्याच काळात, १९६४ मध्ये, गोव्यात कुळकायदा आला. माणूस कोणत्या धंद्यातून आला यावरून तो सभागृहात कोणाच्या बाजूने उभा राहील हे आधीच ठरवता येत नाही, ते त्याच्या कामावरून तपासावं लागतं.

महाराष्ट्रात सहकाराची वाट वेगळी. प्रवरानगरच्या कारखान्याचा पहिला हंगाम १९५०-५१ चा. तेव्हापासून साखर कारखाना, जिल्हा बँक, दूध संघ आणि मग विधानसभा ही चढण किती जणांनी चढली याची मोजदाद नाही. सहकारी संस्था कागदावर सभासदांची असते, पण ती चालवणं हा धंदा चालवण्याचाच अनुभव असतो. त्याबद्दल प्रश्न ११ मध्ये.

४. सरकारी कंत्राट असेल तर आमदारकी जाते म्हणतात. नेमका नियम काय?

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधलं कलम ९-अ. त्याचं सार असं: आपल्या व्यापार-धंद्याच्या ओघात संबंधित सरकारशी माल पुरवण्याचा, किंवा त्या सरकारने हाती घेतलेलं काम करून देण्याचा करार केला असेल आणि तो चालू असेल, तर तोवर माणूस अपात्र असतो.

या एका वाक्यातला प्रत्येक शब्द कोर्टात घासून पाहिला गेला आहे. ‘संबंधित सरकार’ म्हणजे आमदारासाठी राज्य सरकार, खासदारासाठी केंद्र सरकार. ‘माल’ आणि ‘काम’ हे दोनच प्रकार त्यात आहेत. ‘चालू असेल तोवर’ म्हणजे ही कायमची बंदी नाही. आणि करार ‘त्याने केलेला’ असावा लागतो. पुढचे सहा-सात प्रश्न या शब्दांचेच आहेत.

कलमामागची भीती साधी आहे. ज्याचं बिल मंत्रालयात अडकलं आहे तो सभागृहात उभा राहून त्याच मंत्र्याला खडसावेल का? आणि जो खडसावू शकतो त्याचं बिल अडवायची हिंमत कोणता कार्यकारी अभियंता करेल? दोन्हीकडून नुकसान जनतेचंच.

५. कंत्राट माझ्या नावावर नाही, भागीदारी फर्मच्या नावावर आहे. मग चालेल?

नाही चालणार, आणि हे ठरवणारा खटला आपल्या विदर्भातला आहे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भंडाऱ्याहून लोकसभेवर निवडून आलेले चतुर्भुज विठ्ठलदास जसानी एका विडी कंपनीत भागीदार होते. ही फर्म सैनिकांच्या कँटीनसाठी सरकारला विड्या पुरवत होती. सरकारी कागदावर फर्मचं नाव, जसानींचं नाही. शिवाय हा करार राज्यघटनेने सांगितलेल्या औपचारिक नमुन्यात झालेला नाही, म्हणून तो करारच नव्हे, असाही बचाव झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये दोन्ही मुद्दे फेटाळले. भागीदार म्हणजे करारातला हिस्सेदार, आणि नमुना चुकला म्हणून प्रत्यक्ष चालू असलेला व्यवहार नाहीसा होत नाही.

(त्याच वर्षी भंडाऱ्यात पोटनिवडणूक झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या पोटनिवडणुकीत उभे राहिले आणि हरले, ती हीच. भंडाऱ्यातल्या जुन्या माणसांना ती आठवते, विड्यांचा खटला मात्र फारसा कोणाला आठवत नाही.)

तेव्हाचं कलम आजच्यापेक्षा रुंद होतं. त्यात ‘हिस्सा किंवा हितसंबंध’ असे शब्द होते. आजचं ९-अ १९६६ च्या दुरुस्तीतून आलं आणि ते अरुंद आहे. तरीही भागीदारी फर्म ही भागीदारांपासून वेगळी व्यक्ती नसते. त्यामुळे भागीदाराने निवांत राहू नये.

६. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर? मी फक्त संचालक किंवा भागधारक आहे.

कंपनी कायद्याने स्वतंत्र व्यक्ती असते. कंपनीचा करार हा कंपनीचा, भागधारकाचा नव्हे. म्हणूनच निवडणुकीचे वारे वाहू लागले की अनेक ठेकेदार प्रोप्रायटरी धंदा कंपनीत बदलतात. शब्दशः पाहिलं तर ९-अ मधून ही वाट निघते. मात्र जुनं कंत्राट तुमच्या नावावर असताना नुसती नवी कंपनी काढून भागत नाही. सरकारच्या लेखी करार कोणाशी चालू आहे हे पाहिलं जातं. तुम्ही आपापसात काय लिहून घेतलं त्याला तिथे किंमत नाही.

सरकारचं भांडवल २५ टक्के किंवा अधिक असलेल्या कंपनीसाठी वेगळं कलम १० आहे. अशा कंपनीचा व्यवस्थापक किंवा सचिव विधिमंडळाचा सदस्य राहू शकत नाही. सहकारी संस्थांना त्यातून वगळलं आहे.

माझं मत विचाराल तर कायद्यातलं हे सर्वांत मोठं भगदाड आहे. एक माणूस, एक ऑफिस, तेच ट्रक, तेच मुनीम. प्रोप्रायटर असेल तर अपात्र आणि ‘प्रा. लि.’ असेल तर पात्र, हे सामान्य मतदाराला कधीच पटणार नाही, आणि पटूही नये.

७. कंत्राट बायकोच्या किंवा मुलाच्या नावावर असेल तर?

निव्वळ नात्यामुळे अपात्रता येत नाही. कलम ‘त्याने केलेला करार’ असं म्हणतं. पण कंत्राट नावापुरतं बायकोचं आणि पैसा, यंत्रं, सह्या उमेदवाराच्या असं पुराव्याने दिसलं, तर तो करार खरा कोणाचा हा प्रश्न उभा राहतोच. आणि अपात्रता नसली तरी ही माहिती प्रतिज्ञापत्रात लिहावी लागते (प्रश्न १२).

८. काम पूर्ण झालं, पण पीडब्ल्यूडीकडून बिल यायचं आहे. अर्ज भरू का?

भरू शकता. कलमाच्या स्पष्टीकरणातच लिहिलं आहे: ठेकेदाराने आपला वाटा पूर्ण केला असेल, तर केवळ सरकारने आपला वाटा पूर्ण केला नाही म्हणून करार चालू आहे असं धरता येत नाही. महाराष्ट्रात थकीत बिलांची परिस्थिती पाहता हे स्पष्टीकरण नसतं तर अर्धे ठेकेदार जन्मभर अपात्र राहिले असते.

खरी मेख ‘पूर्ण केला असेल’ या शब्दांत आहे. रस्त्यांच्या कामात दोष-दायित्व कालावधी असतो. काम संपल्यावरही ठरावीक वर्षं खड्डे बुजवायची जबाबदारी ठेकेदाराची. ती शिल्लक असताना तुमचा वाटा पूर्ण झाला का? विरोधी उमेदवाराचा वकील छाननीच्या टेबलावर नेमका हाच मुद्दा काढतो. सुरक्षित मार्ग एकच. छाननीच्या तारखेआधी काम पूर्णत्वाचा दाखला हातात हवा. जबाबदारी शिल्लक असेल तर करार संपल्याचं किंवा दुसऱ्याकडे गेल्याचं सरकारने मान्य केलेलं पत्र हवं. तुम्ही पाठवलेलं ‘मी कंत्राट सोडलं’ हे पत्र आणि सरकारने ते स्वीकारल्याचं पत्र या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

९. जिल्हा परिषद, नगरपालिका, महामंडळ किंवा रेल्वेचं काम असेल तर?

इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. महाराष्ट्र विधान परिषदेच्या एका जागेवरून झालेल्या ‘श्रीकांत विरुद्ध वसंतराव’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सांगितलं की पाटबंधारे विकास महामंडळ म्हणजे ‘राज्य सरकार’ नव्हे. मूलभूत हक्कांच्या संदर्भात महामंडळ ‘राज्य’ या व्याख्येत बसतं, तरीही ९-अ साठी सरकार म्हणजे सरकारच. त्यामुळे महामंडळाचं कंत्राट आमदारकीच्या आड आलं नाही. हाच तर्क जिल्हा परिषद आणि नगरपालिकेला लागू होतो. रेल्वे केंद्राची, म्हणून आमदाराच्या बाबतीत ती ‘संबंधित सरकार’ नाही.

पण नगरसेवक किंवा जिल्हा परिषद सदस्य व्हायचं असेल तर हिशेब उलटा होतो. त्या संस्थांच्या स्वतःच्या कायद्यांत, आपल्याच संस्थेच्या कंत्राटात हितसंबंध असलेल्या सदस्याला अपात्र ठरवणाऱ्या तरतुदी आहेत. आमदारकीसाठी निर्धोक असलेलं कंत्राट नगरसेवकपद घालवू शकतं.

१०. खाणपट्टा, दारूचा परवाना, सरकारला भाड्याने दिलेली इमारत, सुरक्षारक्षक पुरवण्याचं काम: हे सगळं कंत्राटात येतं का?

खाणपट्ट्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये आंध्रच्या आणि २००१ मध्ये हरियाणाच्या आमदाराच्या प्रकरणात सांगितलं की पट्टा घेणारा सरकारला माल पुरवत नाही आणि सरकारचं कामही करत नाही, म्हणून ९-अ लागत नाही. तरीही २०२२ मध्ये झारखंडचे मुख्यमंत्री हेमंत सोरेन यांच्या ०.८८ एकराच्या दगडखाणीच्या पट्ट्यावरून केवढं वादळ उठलं ते आठवा. निवडणूक आयोगाने त्या वर्षी ऑगस्टमध्ये आपलं मत राज्यपालांना पाठवलं आणि ते जाहीर झालंच नाही. राज्यपाल होते रमेश बैस, जे पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. खाण खातं स्वतःकडे असताना स्वतःलाच पट्टा, हा प्रकार ९-अ मध्ये बसो वा न बसो, मंत्र्याच्या आचारसंहितेत कुठे बसतो हा प्रश्न उरतोच (प्रश्न १४).

परवाना म्हणजे धंदा करायची मुभा, तो पुरवठ्याचा करार नाही. इमारतीचं भाडंही कलमाच्या शब्दांत बसत नाही. सेवांचं पाहा: १९५१ च्या मूळ कलमात ‘सेवा’ हा शब्द होता, आजच्या कलमात नाही. सफाई, सुरक्षा, मनुष्यबळ पुरवठा ही कंत्राटं आज कोट्यवधींची असतात आणि कलम मात्र ‘माल’ आणि ‘काम’ यांवरच थांबलं आहे.

११. साखर कारखान्याचा चेअरमन किंवा महामंडळाचा अध्यक्ष असलेल्याला लाभाच्या पदाचा नियम लागतो का?

ही दोन वेगळी पदं आहेत. सहकारी कारखान्याचा चेअरमन सभासदांनी निवडलेला असतो, सरकारने नेमलेला नसतो. म्हणून ते सरकारखालचं पद ठरत नाही. शासनाने भागभांडवल दिलं असलं किंवा कर्जाला हमी दिली असली तरी हेच.

सरकारने नेमलेलं महामंडळाचं अध्यक्षपद हे घटनेच्या कलम १९१ खाली लाभाचं पद, म्हणजे आमदाराला अपात्र करणारं सरकारखालचं पद, ठरू शकतं. विधिमंडळ कायदा करून एखादं पद यातून वगळू शकतं आणि महाराष्ट्रात त्यासाठी १९५६ पासून कायदा आहे. त्यात वेळोवेळी भर पडत आली आहे. आपलं पद त्या यादीत आहे का हे नेमणूक स्वीकारण्याआधी पाहा. ‘मी मानधन घेतच नाही’ हा बचाव पुरेसा नाही. जया बच्चन यांच्या प्रकरणात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पैसे घेतले की नाही यापेक्षा ते पद पैसे मिळण्याचा हक्क देतं का हे महत्त्वाचं. उत्तर प्रदेश चित्रपट विकास परिषदेच्या अध्यक्षपदापायी त्यांची राज्यसभेची जागा गेली होती.

१२. प्रतिज्ञापत्रात धंद्याबद्दल काय काय लिहावं लागतं?

नमुना २६ हे ते प्रतिज्ञापत्र. स्वतःची, पती किंवा पत्नीची आणि अवलंबितांची मालमत्ता, देणी, सरकारी थकबाकी, प्रलंबित गुन्हे आणि मागच्या ५ वर्षांच्या विवरणपत्रातलं उत्पन्न. २०१८ मध्ये ‘लोक प्रहरी’ खटल्याचा निकाल लागला आणि त्यानंतर उत्पन्नाचे स्रोत आणि सरकारी कंत्राटं हेही लिहावं लागतं. कंत्राटांचा रकाना ९-अ पेक्षा कितीतरी रुंद आहे. त्यात उमेदवार, जोडीदार, अवलंबित, एकत्र कुटुंब, भागीदारी फर्म आणि हिस्सा असलेली खासगी कंपनी, या सगळ्यांची सरकारशी आणि सार्वजनिक कंपन्यांशी असलेली कंत्राटं येतात. म्हणजे प्रश्न ६ आणि ७ मधल्या वाटांनी अपात्रता टळली, तरी माहिती लपवता येत नाही. खोटं लिहिलं किंवा लपवलं तर कलम १२५-अ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

प्रत्येक बारीकसारीक चुकीने निवडणूक रद्द होते असंही नाही. अरुणाचलच्या कारिखो क्रि यांच्या प्रकरणात २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की प्रत्येक जंगम वस्तू जाहीर करायलाच हवी असं नाही. तिची किंमत किंवा तिचं स्वरूप मतदाराच्या निर्णयावर परिणाम करण्याइतकं ठळक आहे का, ते पाहायचं. त्यांची आमदारकी वाचली.

मतदारांना कळकळीची विनंती: हे प्रतिज्ञापत्र वाचा. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते प्रत्येकाला मोफत दिसतं. एकूण कोटींचा आकडा पाहून थांबू नका. आधी कंत्राटांचा रकाना, मग देण्यांचा, मग मागच्या निवडणुकीचं प्रतिज्ञापत्र शेजारी ठेवून फरक पाहा.

आता जे मला सर्वांत जास्त खटकतं ते. खासदाराला शपथ घेतल्यापासून ९० दिवसांत सभागृहाकडे मालमत्ता जाहीर करावी लागते. कलम ७५-अ फक्त संसदेसाठी आहे, आमदारांना ते लागू नाही. राज्यसभेत सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवहीही असते. आमदाराच्या धंद्याचं मात्र एक छायाचित्र अर्ज भरताना मिळतं आणि दुसरं थेट पाच वर्षांनी. मधल्या काळात कोणती कंपनी निघाली, कोणती जमीन घेतली, कोणतं कंत्राट मिळालं, हे मतदाराला कोणी सांगायला बांधील नाही. दरवर्षी भरायची हितसंबंधांची नोंदवही प्रत्येक विधिमंडळात हवी, आणि त्यासाठी आमदारांनीच पुढाकार घ्यायला हवा.

१३. प्रचाराचा खर्च फर्मच्या खात्यातून केला तर? आणि कामगारांना दिवाळी देता येते का?

महाराष्ट्रात विधानसभेसाठी उमेदवाराची खर्चमर्यादा ४० लाख रुपये आहे. अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंतचा खर्च त्यात मोजतात. खर्चासाठी वेगळं बँक खातं उघडावं लागतं आणि सगळा खर्च त्याच खात्यातून दाखवावा लागतो. फर्मच्या गाड्या, फर्मचं सभागृह, पगारी माणसं वापरली तर बाजारभावाने हिशेबात येतात. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब दिला नाही तर ३ वर्षांपर्यंत अपात्रता येऊ शकते. विधान परिषदेच्या निवडणुकीला खर्चमर्यादा नाही. स्थानिक प्राधिकारी संस्थांच्या २२ जागांसाठी धनाढ्य उमेदवार का मिळतात याचं एक कारण हेच.

कंपनी राजकीय पक्षाला देणगी देऊ शकते, पण कंपनी किमान ३ वर्षं जुनी हवी आणि संचालक मंडळाचा ठराव हवा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे रद्द केले, तेव्हा मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याच्या ७.५ टक्क्यांची मर्यादाही परत आली.

दिवाळीचा प्रश्न २०२४ मध्ये खूप आला, कारण आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली, मतदान २० नोव्हेंबरला होतं आणि दिवाळी बरोबर मध्ये. कामगारांचा कायदेशीर आणि दरवर्षीचा बोनस थांबवायचं कारण नाही. मागच्या वर्षांच्या नोंदी जवळ ठेवा. पण एरवी मिठाईचा पुडा देणारा मालक त्या वर्षी कामगारांच्या सगळ्या वस्तीला साड्या वाटू लागला, तर ती लाच ठरू शकते. पुड्यावर चिन्ह नसलं तरीही.

१४. धंदा असलेला आमदार मंत्री झाला तर काय सोडावं लागतं?

केंद्र आणि राज्य दोन्हीकडच्या मंत्र्यांसाठी आचारसंहिता आहे. धंद्याची मालकी ठेवता येते, पण कारभार आणि व्यवस्थापन यांच्याशी संबंध तोडावा लागतो. धंदा सरकारला माल किंवा सेवा पुरवत असेल, किंवा मुख्यतः सरकारी परवाने, पट्टे, कोटा यांवर चालत असेल, तर मालकीही सोडावी लागते. घरातल्या दुसऱ्या प्रौढ व्यक्तीकडे ती देता येते, पण पती किंवा पत्नीकडे नाही, आणि ती व्यक्ती आधीपासून त्या धंद्यात असायला हवी. मंत्री असताना नवा धंदा सुरू करता येत नाही. मालमत्तेची माहिती दरवर्षी मुख्यमंत्र्यांना द्यायची.

प्रश्न १० मधल्या पट्टे आणि सेवांचा इथे स्पष्ट उल्लेख आहे, म्हणजे ही संहिता ९-अ पेक्षा कडक आहे. पण ती कायदा नाही. मोडली तर मुख्यमंत्र्यांनी काय करायचं ते करायचं, आणि मुख्यमंत्रीच मोडत असतील तर विचारणारं कोणी नाही.

१५. आपल्याच धंद्याशी संबंधित विधेयकावर आमदाराने मत द्यावं का?

लोकसभेच्या नियमांत सदस्याच्या वैयक्तिक, थेट आर्थिक हितसंबंधावरून त्याच्या मतदानाला हरकत घेता येते. पण ‘थेट’ या शब्दामुळे सर्वांना सारखा लागू होणारा कायदा सहसा यातून सुटतो. शेतकरी आमदाराने कर्जमाफीवर बोलायचंच नाही असं कोणी म्हणत नाही, तसंच व्यापाऱ्याने जीएसटीवर बोलू नये असंही म्हणता येणार नाही. उलट त्यातलं कळणारा माणूस बोललेलाच बरा. फक्त उभं राहिल्यावर पहिलं वाक्य असं असावं: ‘माझा या व्यवसायाशी संबंध आहे.’ एवढ्याने पुढच्या भाषणाचं वजन वाढतं.

पैसे घेऊन मत किंवा भाषण ही निराळी गोष्ट. ४ मार्च २०२४ ला सीता सोरेन प्रकरणात सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं की लाच घेतलेल्या सदस्याला विधिमंडळाच्या विशेषाधिकाराचं कवच मिळणार नाही.

१६. कर्ज थकलं, कंपनी दिवाळखोरीत गेली किंवा खटल्यात शिक्षा झाली तर?

थकलेल्या कर्जामुळे आमदारकी जात नाही. ते प्रतिज्ञापत्रात दाखवावं लागतं. न्यायालयाने व्यक्तीला नादार ठरवलं आणि तो त्यातून मुक्त झाला नसेल तर तो अपात्र. कंपनीची दिवाळखोरी म्हणजे संचालकाची वैयक्तिक नादारी नव्हे.

शिक्षेच्या बाबतीत सर्वसाधारण मर्यादा २ वर्षांची. पण व्यापाऱ्यांनी लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ८(२) वाचून ठेवावं. साठेबाजी, नफेखोरी आणि अन्न किंवा औषधातली भेसळ यांत ६ महिन्यांची शिक्षाही पुरे होते, आणि अपात्रता सुटकेनंतर ६ वर्षं राहते. चेक न वटल्याच्या गुन्ह्यात कमाल शिक्षा २ वर्षांची आहे. न्यायालयाने तेवढी पूर्ण शिक्षा सुनावली तर आमदारकी जाते. २०१३ च्या लिली थॉमस निकालापासून अपीलासाठी ३ महिन्यांची सवलत उरलेली नाही. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक प्रकरणात डिसेंबर २०२३ मध्ये ५ वर्षांची शिक्षा होताच सावनेरचे सुनील केदार अपात्र ठरले. त्यांनी त्याविरुद्ध अपील केलं.

१७. आमदाराचा पगार धंद्याच्या उत्पन्नात धरतात का? आणि आमदार निधी?

पगार प्राप्तिकरात ‘इतर स्रोतांतून उत्पन्न’ या सदरात जातो, कारण आमदार कोणाचा नोकर नसतो. धंद्याचा हिशेब वेगळा. स्थानिक विकास निधी आमदाराच्या हातात येत नाही. तो कामं सुचवतो, पैसा जिल्हाधिकाऱ्यांमार्फत यंत्रणेला जातो.

१८. आमच्या आमदाराचं सरकारी कंत्राट चालू आहे. तक्रार कुठे करायची?

कंत्राट निवडणुकीच्या दिवशीच चालू होतं असं म्हणणं असेल, तर उच्च न्यायालयात निवडणूक याचिका, निकालापासून ४५ दिवसांत. एक दिवस उशीर झाला तरी दार बंद. निवडून आल्यानंतर कंत्राट घेतलं असेल तर घटनेच्या कलम १९२ खाली राज्यपालांकडे. राज्यपाल निवडणूक आयोगाचं मत मागवतात आणि त्या मताप्रमाणेच निर्णय देतात. या दोन वाटांची गल्लत हे तक्रारी फेटाळल्या जाण्याचं नेहमीचं कारण आहे. सोबत कार्यादेश, करारनामा, बिलांच्या नोंदी जोडा. माहिती अधिकारात त्या मिळतात. वर्तमानपत्राचं कात्रण पुरावा म्हणून पुरत नाही.

उत्तर प्रदेशात असंच घडलं. फरेंदाचे बजरंग बहादूर सिंह आणि रसडाचे उमाशंकर सिंह हे दोन आमदार बांधकाम खात्याची कंत्राटं चालवत असल्याचं लोकायुक्तांच्या चौकशीत पुढे आलं. आयोगाच्या मतानुसार राज्यपालांनी जानेवारी २०१५ मध्ये दोघांना अपात्र ठरवलं. ते राज्यपाल होते मुंबईचे राम नाईक. उमाशंकर सिंह कोर्टात गेले, प्रकरण पुन्हा आयोगाकडे आलं आणि जानेवारी २०१७ मध्ये ते ६ मार्च २०१२ पासूनच अपात्र असल्याचा निर्णय झाला. तोवर त्या विधानसभेची पाच वर्षं संपत आली होती.

१९. कंत्राटापायी अपात्र ठरलेला माणूस पुन्हा उभा राहू शकतो का?

हो. ९-अ ची अपात्रता करार चालू असेपर्यंतच (प्रश्न ४). करार संपला की ती संपते, थांबायची मुदत नाही. उमाशंकर सिंह त्याच २०१७ च्या निवडणुकीत रसड्यातून पुन्हा उभे राहिले आणि जिंकले. २०२२ मध्येही जिंकले. त्या वेळी उत्तर प्रदेशच्या ४०३ जागांपैकी बहुजन समाज पक्षाला मिळालेली ती एकमेव जागा होती.